मोकाफेतूचं एक मत

मतदानाच्या आधीचे आठ दिवस मोकाफेतूचा पाय घरात टिकला नाही. सकाळी पहार खांद्यावर टाकून ती तारोचे कंद लावायला निघायची. निउए बेटाची माती म्हणजे पोवळ्याच्या खडकात अडकलेली मूठमूठभर. एक कंद लावायचा तर आधी दगड फोडायचा. दोन घाव घातले की पहार तिथेच टाकून बाई घरी परत. मग अंगणातली नवऱ्याची कबर झाडायची. झाडून झालेलीच पुन्हा झाडायची.

दुखणं साधंच होतं. गावातून असेंब्लीत एक माणूस जातो आणि यंदा उभे होते दोघे: तिचा थोरला भाऊ इकिमोतु आणि तिची पोटची मुलगी मानोंगी. निम्म्याहून जास्त गाव ऑकलंडला जाऊन बसलेलं. उरलेल्यांत कोण कुणाला मत देणार हे शेंबड्या पोरालाही पाठ होतं. मोजलं की दोन्हीकडे सारखीच भरत. राहता राहिलं मोकाफेतूचं.

दादाने गावाला डांबरी रस्ता आणला, पाण्याची टाकी आणली. तिचा नवरा गेला तेव्हा कबरीचं सिमेंट जहाजावरून उतरवून घ्यायला तोच धक्क्यावर उभा राहिला होता. मानोंगी दोन मुलं घेऊन ऑकलंडहून परतली होती. तिचं म्हणणं, बंद पडलेली घरं दुरुस्त करू, देवमासे बघायला येणाऱ्या पाहुण्यांना देऊ. दादाचं म्हणणं, ज्यांची घरं त्यांना विचारल्याशिवाय खिळाही ठोकायचा नाही.

"हरले तर मुलांना घेऊन येत्या विमानाने जाईन," मानोंगीने सांगून टाकलं होतं. "इथे एक तर सरकारी नोकरी, नाहीतर पहार. आणि नोकऱ्या मामाच्या माणसांना."

बुधवारी वहिनी चांगला थोरला नारळी खेकडा घेऊन आली. "खा हो मोका. भावाची आठवण ठेवून खा."

"वहिनी, हा खेकडा आहे की मत?"

"जिभेला हाड नाही तुझ्या," वहिनी हसली, पण बसली नाही.

मानोंगीने खेकडा पाहिला. "मामाकडचा ना? खा खा. नातवंडांना फोटो पाठव त्याचा, ऑकलंडला."

मोकाफेतूने खेकडा शिजवला खरा, पण स्वतःच्या ताटात वाढून घेतला नाही.

शेवटी ती दवाखान्यातल्या नर्सकडे गेली. "मला ताप आहे असं लिही. शनिवारी उठायचं नाही असं लिही."

"लिहिते की," नर्स म्हणाली. "मग मतदान घेणारे मास्तर मतपेटी गाडीत घालून तुझ्या खाटेपाशी आणतील. आणू दे?"

आता पळायची वाटच उरली नाही. बेटाला वळसा घालून रस्ता पुन्हा आपल्याच दारात येतो, माणूस जाणार कुठे? पण परतताना तिला एक गोष्ट सुचली. मतं सारखी पडली तर चिठ्ठी टाकतात. चिठ्ठी देवाची. तिचा ठपका कुणावर ठेवणार? शनिवारी सभागृहाच्या कोपऱ्यात तिने कागद उघडला आणि तसाच कोरा घडी घालून पेटीत टाकला. आठ दिवसांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास घेता आला.

संध्याकाळी मास्तरांनी सगळ्यांसमोर मतं मोजली. एकेक नाव वाचलं, दोन ढीग केले, पुन्हा मोजले. मग घसा खाकरून म्हणाले, "दोन कोऱ्या. मानोंगी एका मताने पुढे."

दोन? मोकाफेतूने तर एकच टाकली होती. मानोंगीची माणसं टाळ्या पिटत होती. वहिनी तरातरा समोर आली. "पाठच्या बहिणीने भावाला खाल्लं! चांगले पांग फेडलेस गं!"

"घरी चल," इकिमोतु बायकोला म्हणाला. आवाज चढला नव्हता. मोकाफेतूने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं.

ती त्याच्यामागे रस्त्यापर्यंत धावली. "दादा, दुसरी कोरी तुझी?"

"मग काय करू? वेड्यासारखी फिरत होतीस. तू मत मलाच देणार. मग पोरगी विमानात बसणार आणि तू उरलेला जन्म झुरणार. म्हटलं, माझं मी काढून घेतो. सारखी झाली असती, चिठ्ठी निघाली असती. तुझ्यावर काही आलं नसतं." बोलता बोलता हिशेब त्याच्याही ध्यानात आला. "म्हणजे तू मला दिलंच नाहीस?"

तिला सांगायचं होतं की मी मुलीलाही दिलं नाही, मीही चिठ्ठीच धरून बसले होते. पण तो विचारत होता ते वेगळंच होतं. त्याने तिला एकदाही विचारलं नव्हतं, तिच्या मताची त्याला तेवढी खात्री होती. शरमेने तिला तोंड वर करवेना.

मानोंगी राहिली. नातवंडं राहिली. देवाकडे याहून जास्त मागायला तिला जागा नव्हती.

रविवारी चर्चच्या वाटेवर दादाची गाडी समोरून आली. निउएवर समोरून येणाऱ्या प्रत्येकाला हात करतात, कालच विमानातून उतरलेल्या परक्यालाही. दादाने हात केला. परक्याला करतात तसा.