हिरव्या बांबूंचा मांडव

कर्नाटकातल्या आमच्या जोयडा तालुक्यात वाघ आहेत, अस्वलं आहेत, अणशीच्या घाटात भर रस्त्यावर फणा काढून बसणारे नाग आहेत. पण इथल्या म्हाताऱ्या माणसांना खरी धास्ती वाटते ती माझ्या बायकोच्या मावशीची. आणि त्याहून मोठी धास्ती वाटते ती, मावशी आलीच नाही तर काय, याची. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. सरकारच्या मते ती निवृत्त झाली आहे. सरकारचं हे मत कुणीतरी तिला कळवलं असावं, पण तिनं ते मनावर घेतलेलं नाही. रामनगरपासून उळवीपर्यंत कुठंही एखादा अज्जा न्हाणीत घसरला, एखाद्या अज्जीनं अन्न सोडलं, की दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मावशी हजर. बोलावणं लागत नाही. ड्रायव्हरच्या पाठीमागच्या सीटवर बसून ती येते, कारण तिथून ड्रायव्हरच्या ब्लडप्रेशरचीही चौकशी करता येते. खांद्याला पिशवी, पिशवीत बीपीचं मशीन, नेलकटर, खोबरेल तेलाची बाटली, फणी आणि अडकित्ता. "अडकित्ता कशाला गं?" असं मी एकदा विचारलं. "दात नसलेल्याला सुपारी बारीक करून कोण देणार? तुझा डॉक्टर?" मावशी रागावते कोंकणीत, धीर देते मराठीत आणि गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगते कन्नडात. उत्साहात असली की तिन्ही भाषा एकाच वाक्यात येतात, आणि ती उत्साहात नाही असा क्षण निदान मी तरी पाहिलेला नाही.

पेशंटकडे गेली की ती आधी नाडी बघत नाही, आधी देव विचारते. घरात देव कुठला, उपास कधी, सोवळं काय, कुणाच्या हातचं पाणी चालतं, कुणाच्या हातचं चालत नाही. उळवीजवळचा एक लिंगायत अज्जा लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घेत नसे, आणि अंथरुणावरून उठून पूजा करणं त्याला जमत नसे. मुलगा सकाळची गोळी हातात घेऊन रडकुंडीला आलेला. मावशीनं गोळी त्याच्या हातातून काढून कोनाड्यात ठेवली, अज्जाच्या पाठीला उशा लावल्या, लिंग ठेवलेल्या त्याच्या तळहाताखाली स्वतःचा हात धरला आणि पूजा होईपर्यंत तशीच बसून राहिली. वर मुलाला म्हणाली, "गोळीला काय देव न्हाई, ती थांबती. अज्जाला देव हाय." एक कुणबी म्हातारी शहरातल्या लेकीनं पाठवलेली बिस्किटं आणि साबुदाण्याची पेज बघून तोंड फिरवायची. मावशीनं परसात कुदळ घालून कणगीचा कंद काढला, उकडला, कुस्करला, मीठ घातलं. म्हातारीनं वाडगं रिकामं केलं आणि विचारलं, "इतके दिस खंय गेली होतीस?"

पण मावशी चुकत नाही असं समजू नका. ती चुकते, आणि जोरात चुकते. एकदा ती भलत्याच घरात शिरली. ओट्यावर एक धडधाकट म्हातारा बसला होता. मावशीनं त्याला "तोंड उघडा, जीभ दाखवा" म्हणून दरडावलं, अंगाला तेल चोळलं, ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं, नखं कापली, केसांचा भांग पाडला. सगळं उरकल्यावर शेजारीण धावत आली, की अहो बाई, आजारी तो पलीकडच्या घरातला! मावशी उखडली. "मग तुमी सांगितलं का न्हाई मला?" म्हातारा ओशाळून हसला. "बरं वाटूलालं होतं," म्हणाला. त्यानंतर मावशी त्या गावात गेली की दोन्ही घरांत जाते.

तर अशी ही मावशी यंदा आषाढात आमच्याच घरी दाखल झाली, कारण आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, गोठ्यात घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. बेळगावात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हाड बसलंय, आता चालवा. अप्पा घरी आले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. चालणं तर सोडाच, कूस बदलायलाही तयार नाहीत. स्टीलचा वॉकर आणला, तर त्याचे पाय सारवलेल्या अंगणात रुतून बसले. अप्पांनी ते बघितलं आणि पुन्हा भिंतीकडं तोंड केलं.

आमची सगळ्यांची खरी भीती वेगळीच होती. भाताला लोंब्या धरल्या की आमच्याकडं 'नवं' करतात. घरातल्या वडील माणसानं शेतात जाऊन पहिल्या लोंब्या कापायच्या, देवाला वाहायच्या, दाराला बांधायच्या. मग घरानं नवा तांदूळ खायचा. वडील माणसाला जमत नसेल तर विळा मुलाच्या हातात जातो. पण एकदा गेलेला विळा परत येत नाही. मग तो माणूस घरात असतो, जेवतो, झोपतो. घराचा वडील मात्र राहत नाही. अप्पा भिंतीकडं बघत होते ते याच गोष्टीकडं बघत होते. शिवाय विळा जाणार होता माझ्याकडं. मी रामनगरात दुकान चालवणारा माणूस. माझ्या हातात विळा दिला तर भातापेक्षा माझीच कापणी आधी होते, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

मावशीनं हे ऐकलं आणि पदर खोचला. "नव्याला व्याही शेतात जाणार! आपल्या पायानं!" पण पहिल्याच दिवशी अडलं. नात्यानं ती अप्पांची विहीण. विहिणीनं व्याह्याच्या मांडीला हात लावायचा? अप्पांनी चादर गळ्यापर्यंत ओढली. "विहीणबाई, पाय कापून न्या, पण हात लावू नका." दुसरी कुणी नर्स असती तर म्हणाली असती, आजोबा, आम्हाला काय त्याचं. मावशीनं मात्र दोन्ही हात जोडले, "चुकलं माजं, व्याही," म्हणाली, उंबऱ्याबाहेर गेली आणि खोलीकडं पाठ करून उभी राहिली. तिथून तिनं मला नर्स केलं.

"डावा गुडघा वाकीव! डावा म्हंटलं मी!"

"डावाच वाकवलाय, मावशी."

"तुजा न्हवं गा, त्येंचा!"

तिला पाठीमागचं दिसतं कसं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. बहुधा आमच्या कण्हण्यावरून कळत असावं. अप्पा कमी कण्हत, मी जास्त. व्यायाम त्यांचा, घाम माझा. माझं पोट जरा उतरलं, अशी नोंद बायकोनं घेतली. अप्पांचा पाय हलू लागला, याची नोंद सगळ्यांच्या आधी आईनं घेतली. पण अप्पा काही उठून बसेनात.

तेव्हा मावशीनं ठरवलं, अंगणातच आधाराचे दांडे उभारायचे. दोन्ही बाजूंना लांब बांबू, मधून माणूस, दोन्ही हातांनी धरत धरत चालायचं. ती इतकी रंगून सांगत होती की मीही रंगलो. कोयता घेऊन गेलो, दोन सरळ हिरवेगार बांबू तोडले, अंगणात शेजारी शेजारी मांडले, अंतर हलू नये म्हणून मध्ये आडव्या काठ्या टाकल्या आणि काथ्यानं करकचून बांधल्या. मावशी गाठी तपासत होती. खांब पुरायचे तेवढे राहिले होते. चहा घेऊन मग पुरू म्हणून आम्ही आत गेलो.

मंडळी, दारात हिरवा बांबू, आडव्या काठ्या, काथ्याच्या गाठी. आणि घरात अंथरुणाला खिळलेला म्हातारा! सगळ्या तालुक्याला रीतभात शिकवणाऱ्या मावशीच्या हे ध्यानात आलं नाही, आणि माझ्या तर काय यायचं! रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी ते बघितलं. आमचा चहा संपायच्या आत अंगणात बायकांनी गळा काढल्याचा आवाज आला. आईला मिठ्या मारल्या जाऊ लागल्या. आई "अगं, अगं" म्हणत होती, पण तिचं कोण ऐकतंय? पाठोपाठ शेजारचा भिकू खांद्यावर लाकडांचा भारा घेऊन आला. आमच्याकडं अशा वेळी घरटी लाकूड आणायचं असतं. त्यानं भारा अंगणात टाकला, डोळे पुसले आणि दारातून आत डोकावला.

आतून अप्पा त्याच्याकडं बघत होते.

"भिक्या," अप्पा म्हणाले, "कुणासाठी आणलास रे भारा?"

भिकूची बोबडी वळली. "तुमच्याच... न्हाई म्हंजे... तुमी हाईसा व्हय, अप्पा?"

"हाय की! मेल्या, ओली लाकडं आणलास? धूर किती होईल!" आणि रागाच्या भरात अप्पा ताडकन उठून बसले. दोन्ही पाय खाटेखाली. कुणी धरलं नव्हतं, कुणी उचललं नव्हतं. मावशीनं उंबऱ्यातून ते बघितलं. एका हातानं ती कपाळ बडवून घेत होती, "अय्यो, मी कसलं हे अभद्र मांडलं," आणि दुसरा हात नाचवत ओरडत होती, "बसले! व्याही बसले! बघा की गं, आपले आपण बसले!" रडायला आलेल्या बायका रडायच्या राहिल्या आणि आता हसावं की काय, हेही त्यांना ठरवता येईना.

पण त्या बांबूंना हात लावायला अप्पा राजी नव्हते. तिरडीला धरून चालू काय, हा त्यांचा प्रश्न चूक नव्हता. मावशी बांबूंभोवती एक फेरी मारून आली. मग एकदम उसळली. "एवढ्या बायका आल्याव, आंब्याचे टाळे आणा! झेंडू आणा!" काथ्याच्या गाठी तिनं स्वतः सोडल्या, आडव्या काठ्या दूर फेकायला लावल्या. खांब पुरले, दांडे वर चढले, टहाळे बांधले, झेंडूच्या माळा सुटल्या. दुपारपर्यंत अंगणात तिरडीचा मांडव झाला होता. पलीकडच्या टोकाला मावशीनं पाट ठेवला आणि आईला नवी साडी नेसवून त्यावर बसवलं. भिकूच्या लाकडांवर न्हाणीत पाणी तापत होतं.

"चला व्याही. नवरी वाट बघूलालीय."

"ही? हिला मी एकदा फसून आणलीया."

"फसले मी," आई पाटावरून म्हणाली. "सांगितलं होतं, नवरा मुलगा चालायला लई चपळ हाय म्हणून."

भरल्या अंगणासमोर हे ऐकून घेणं अप्पांना शक्य नव्हतं. त्यांनी डावा दांडा धरला. मग उजवा. मी मागं हात पसरून, पुढं मावशी, पाठमोरी. पावलाला पाऊल लावत ते निघाले, मध्ये थांबले, शिव्या दिल्या, पुन्हा निघाले आणि आईसमोर जाऊन उभे राहिले. बायकांनी अक्षता टाकल्या. अक्षता माझ्याच डोक्यावर जास्त पडल्या.

नव्याच्या दिवशी अप्पा शेतात गेले. एक हात काठीवर, एक माझ्या खांद्यावर. पण पाय त्यांचे. बांधावर उभं राहून त्यांनी लोंब्यांवरून हात फिरवला, एक मूठ धरली आणि कापली. मावशी टाळ्या वाजवायला निघाली होती. तेवढ्यात अप्पांनी विळा उलटा केला, विळ्याची मूठ माझ्याकडं.

"धर."

"अप्पा, तुम्हाला जमतंय की."

"जमतंय म्हणूनच देतोय. धर."

मी मावशीकडं बघितलं. एवढं सगळं तिनं हे होऊ नये म्हणून केलं होतं. तिनं बीपीचं मशीन काढलं नाही, कुणाला दरडावलं नाही. बांधावरच्या ओल्या गवतात बसली आणि म्हणाली, "घे गा. चालत येऊन देतंय माणूस."

मी कापलं. वेडंवाकडं, पण कापलं. परतताना अप्पा पुढं, लोंब्या घेऊन मी मागं, सगळ्यात शेवटी मावशी. जन्मभर मी अप्पांच्या मागं जवळजवळ धावतच चाललो. त्यांच्या चालीला चाल जुळवायला हळू व्हावं लागतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा पायांना कळलं. "निधान, निधान," मावशी कन्नडात म्हणाली, सावकाश, सावकाश. ते अप्पांना नव्हतं, मला होतं. शेतापासून घर काही लांब नाही. अजून थोडं लांब असतं तरी माझी तक्रार नव्हती.