कॅशलेस बंद होतं तेव्हा

एक विमा कंपनी आमच्या ऑपरेशनचे दर कित्येक वर्षं वाढवत नव्हती. खांदा कॉलनीतलं माझं हॉस्पिटल बारा खाटांचं. माझ्या पत्रांना कोण उत्तर देणार? मग पनवेलमधल्या आम्हा छोट्या हॉस्पिटलवाल्यांची बैठक झाली. "एकटे गेलो तर दारातही उभं करणार नाहीत. सगळे मिळून थांबू," अध्यक्ष म्हणाले. दर वाढेपर्यंत त्या कंपनीचं कॅशलेस सगळ्यांनी बंद ठेवायचं ठरलं. नर्सचे पगार, भूलतज्ज्ञाची फी, सगळं वाढलेलं. मी हो म्हणाले.

तिसऱ्याच दिवशी उरणहून एक मासळी विकणारी बाई आली. गर्भाशयात गाठी, रक्तस्राव थांबत नव्हता, चेहरा पांढराफटक. नवरा न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. त्याने कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. त्याच कंपनीचं.

"सध्या हे चालत नाही," रिसेप्शनिस्ट म्हणाली. "आधी बिल भरा, मग कंपनीकडून परत मिळेल."

"का नाय चालत? हप्ता आमी कदी चुकवला नाय." मग बायकोकडे बघत म्हणाला, "चल, दुसरीकडं जाऊ."

मी केबिनमधून उठून बाहेर आले. दुसरीकडेही हेच ऐकावं लागणार, हे मला ठाऊक होतं. ते आम्हीच ठरवलं होतं.

"कुठे जाऊ नका," मी म्हणाले. "ॲडमिट करतेय. बिल कंपनीकडून तुम्हाला पैसे आले की भरा."

संध्याकाळपर्यंत एका सहकाऱ्याचा फोन आलाच. "मॅडम, एकीने माघार घेतली की सगळ्यांचं मुसळ केरात."

"कॅशलेस मी सुरू केलेलं नाही. पेशंट ठेवलाय फक्त."

"कंपनीला दोन्ही सारखंच. पेशंट अडत नाहीत म्हटल्यावर ती दर कशाला वाढवेल?"

फोन ठेवला आणि मला बसवेना. उगाच वॉर्डात तीन चकरा मारल्या, तिची रक्ताची बाटली पुन्हा तपासली. सिस्टर म्हणाली, "मॅडम, आत्ताच बघून गेलात." सहकारी चुकीचं बोलत नव्हता, तेच टोचत होतं.

ऑपरेशन नीट झालं. पुढच्या आठवड्यात कंपनीने चर्चेला बोलावलं, दर वाढवले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? सिस्टरांचे पगार मी त्याच महिन्यात वाढवले.

वर्षाने ती दोघं तपासणीला आली. बाई ठणठणीत. विम्याचं विचारलं तेव्हा नवरा म्हणाला, "हप्ता लय वाढला, मॅडम. आयचं नाव काढलं विम्यातनं. एजंट बोलला, हास्पिटलवाल्यांनी दर वाढवलं म्हणून."

"सगळंच काही त्यामुळे नाही," मी म्हणाले. "पण दर आम्ही वाढवून घेतले, हे खरं."

"तुमचंबी खरं असंल. पन आय पडली आजारी, तर?"

मी त्याचा फोन नंबर लिहून घेतला.

पुढच्या बैठकीत मी हे मांडलं. "हप्ता कंपनी ठरवते, आपण काय करणार?" अध्यक्ष म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले. माझं लक्ष लागेना. व्हरांड्यात जाऊन मी त्या ट्रेलरवाल्याला फोन लावला. "आईंना गुरुवारी घेऊन या. बीपी, शुगर बघून ठेवते."

"गुरुवारी ड्युटी हाय. शुक्रवारी आणली तर?"

"आणा," मी म्हणाले. "सकाळी उपाशीपोटी आणा."