रंग आत्याचा

मुलगी झाली तेव्हा मी एका दैनिकात उपसंपादक होतो आणि बायको सॉफ्टवेअर कंपनीत. तिसऱ्या दिवशी बाळ-बाळंतीण विश्रांतवाडीला घरी आली. बाळ सावळं होतं. माझी आई पाळण्यावर वाकून म्हणाली, "घ्या, गेली आत्याच्या वळणावर! आजपासून डाळीचं पीठ लावा हिला."

सगळे हसले. मीही हसलो. आत्या म्हणजे माझी मोठी बहीण, घरात सगळ्यांत काळी. हे ऐकत ती लहानाची मोठी झाली होती.

संध्याकाळी सायबर कॅफेतून मी अमेरिकेतल्या मेहुण्याला, बायकोच्या भावाला, बाळाचा फोटो पाठवला. पेपरात ओळीशिवाय फोटो सोडायची मला सवय नव्हती. खाली टाइप केलं: रंग आत्याचा.

दुसऱ्या दिवशी ताई खडकीहून आली. बाळ दूध पीत होतं. मध्येच सोडायचं, धापा टाकायचं, पुन्हा ओढायचं. ताईने तिला खिडकीपाशी नेलं. ओठ पाहिले, नखं पाहिली.

"आई, मी काळी आहे. निळी नाही."

मग माझ्याकडे वळली. "बघत काय बसलास? रिक्षा आण."

डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची जागा उलटी झालेली. शुद्ध रक्त फुफ्फुसांतच परत जात होतं, अशुद्ध शरीरात फिरत होतं. एवढंच असतं तर ती घरी पोचली नसती. पण हृदयाच्या पडद्याला भोकही होतं. तिथे रक्त थोडं मिसळत होतं.

"म्हणजे त्या भोकामुळे ती जगली?" बायकोने विचारलं.

"आत्तापर्यंत, हो. ऑपरेशन लगेच करावं लागेल."

माझ्या डोळ्यांसमोर फोटोखालची ती ओळ होती. ओठ त्या फोटोतही तसेच होते. मी तो नीट पाहून पाठवला होता.

ऑपरेशनच्या वेळी आई बाकावर ताईशेजारी बसून होती. एकदा म्हणाली, "मला वाटलं, तुझ्यासारखीच..." ताईने तिला पाण्याची बाटली दिली.

मुलगी वाचली. ओठ गुलाबी झाले, नखं गुलाबी झाली. अंग सावळंच राहिलं.

कॅफेत मी मेहुण्याला नवा फोटो पाठवताना ताई माझ्या खुर्चीमागे उभी होती. जुना मेल तिथेच खाली दिसत होता. तिने तो वाचला.

"लिही की," ती म्हणाली. "आता खरं आहे."

फोटो मी ओळीशिवाय तसाच पाठवला.