बिनराबाचं रोप

आमच्या घराण्यात पहिली सही माझी. आधीच्यांचे सगळे अंगठे. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो तेव्हा बाने ही गोष्ट बोईसर स्टेशनपासून घिवलीपर्यंत सांगितली. तिकडे समुद्राकाठी अणूपासून वीज काढायचं बांधकाम चालू होतं, त्यामुळे लोकांना विज्ञानाचा जरा धाक होता. त्याचा फायदा मी घेतला.

माघात बा कोयता घेऊन ऐनाच्या झाडावर चढला. फांद्या तोडायच्या, वाळवायच्या, शेणाबरोबर रोपाच्या जागेवर पसरून वैशाखात जाळायच्या. हा आमचा राब. त्या भाजलेल्या जमिनीत भाताचं बी टाकलं की रोप तरारून येतं. मी झाडाखाली उभं राहून व्याख्यान दिलं. पानात हिरवे दाणे असतात, त्यांना क्लोरोप्लास्ट म्हणतात. ऊन, हवा, पाणी घेऊन ते झाडाचं जेवण रांधतात. पान म्हणजे झाडाची चूल. चुली तोडून जाळायच्या हा अडाणीपणा आहे, असंही म्हणालो. शेजारचे चार जण ऐकत होते. त्यांच्यासमोर पदवीला नाही कसं म्हणणार? बा खाली उतरला.

त्या वर्षी राब झाला नाही. आषाढात बांधावरचं ऐनाचं झाड हिरवंगार, आणि आमचं रोप पिवळं, बोटभर, गवतात शोधावं लागत होतं. लावणी तोंडावर आलेली. रोप नाही तर वर्षाचा भात नाही.

बाने विचारलं, "तुजं ते हिरवं दानं हितं का नाय आलं?"

हे मला येत होतं, परीक्षेत आलेलं. हिरवा रंग तयार व्हायला जमिनीतून मॅग्नेशियम लागतं, आणखीही बरंच लागतं, असं मी सांगितलं.

"ते कशात असतं?"

खोटं बोलायची सवय नव्हती. "राखेतही असतं," म्हणालो.

"म्हंजे चुलीत जाळ आमीच घालत होतो," एवढंच बोलून बा शेजाऱ्याकडे उरलेलं रोप मागायला निघाला. रोपाच्या बांधलेल्या मुड्या उचलायला मला बरोबर घेतलं.

शेजाऱ्याला त्याने सांगितलं, रोपात गुरं शिरली. माघातलं व्याख्यान शेजाऱ्याने उभं राहून ऐकलेलं. त्याने मुड्या काढून दिल्या आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "गुरं शिकल्याली दिसतात."

पुढच्या माघात झाडावर मी चढलो. बा खालून सांगत होता, "शेंड्याला हात लावू नको. झाडाला पन जेवन लागतं."

माझ्या व्याख्यानातलं तेवढं तरी त्याच्या लक्षात राहिलं, असं मी बरीच वर्षं समजत होतो. शेंडा तो लहानपणापासून सोडत आला होता.