गुळाचा उसना रंग

माघातल्या सकाळी उकळत्या रसाचा वास तेलगावच्या शिवारावर दाट, उबदार पसरलेला असतो. पण त्या दिवशी धाकट्या भावाच्या, दत्ताच्या गुऱ्हाळाकडे चालताना त्या गोडव्याच्या तळाशी मला दुसरंच काही जाणवलं, एकदम शंभर आगकाड्या ओढल्यासारखं, नाकात टोचणारं. मी बीडला मुलांना रसायनशास्त्र शिकवते. तो वास मी नावानिशी ओळखला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

हायड्रोस. गंधकाच्या विषारी वायूपासून कारखान्यात घडवलेला पांढराशुभ्र क्षार. निळीच्या रंगकामासाठी कापडगिरण्यांना तो लागतो, कागदाच्या लगद्याचा मळकटपणा तो घालवतो. अन्नात त्याला जागा नाही. तरीही बाजाराला केशरासारखा पिवळाच गूळ हवा म्हणून तो निळ्या पिंपातून आमच्या रस उकळायच्या काहिलीपर्यंत आला होता. काही आठवड्यांत तीच पिवळी ढेप पुन्हा काळवंडते हे पक्कं ठाऊक असलेले व्यापारीसुद्धा सौद्याला तपकिरी ढेप दिसली की तोंड वाकडं करतात, आणि त्या वाकड्या तोंडाला भिऊन माझा भाऊ विष कालवत होता.

काहिलीशी कोंडिबामामा उभे होते, आमचे जुने गुळवे. थंड पाण्यात बोटं बुडवून उकळत्या पाकाची गोळी उचलायची आणि ती चिमटीत वळताच काहील उतरवायला सांगायचं, ही त्यांची विद्या. रानभेंडीच्या चिकाने ते मळी अशी काढत, की रस काचेसारखा निवळे.

"मामा, रंग येईना. आनखी टाका," दत्ता म्हणाला.

"बास झालं, दत्ता. लोकांच्या पोटात जातंय ते."

दत्तानं ऐकलं नाही. पाण्याच्या बादलीतला मग उचलून त्यानं तसाच निथळता पिंपात खुपसला. "ओला आहे तो!" मी ओरडले, तोवर पिंप तापून आतून पांढरा धूर उसळला होता. काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं सारणाऱ्या दोघी बाया खोकत खाली बसल्या. मामांनी ते पिंप दोन्ही हातांनी कवटाळलं, फरफटत उघड्यावर नेलं आणि बाभळीपाशी कोसळले.

दवाखान्यात दत्ता डॉक्टरांना म्हणाला, "चुलवाणाचा धूर गेला छातीत." मी त्याच्यासमोर त्या क्षाराचं नाव सांगितलं, वायूचंही.

"आक्का, घरची असून गुऱ्हाळाला कुलूप लावतीस?" बाहेर येताच तो उसळला.

"मामांच्या छातीत काय गेलंय ते डॉक्टरला कळू द्यायचं नाही? लाज वाटत नाही तुला?"

माझा आवाज दवाखान्याच्या साऱ्या ओसरीभर घुमला. पण त्या संतापाचं खरं टोक कुठं रुतलं होतं ते मलाच माहीत. दोन वर्षांपूर्वी त्यानं फोनवर विचारलं होतं, आक्का, किती टाकू? आणि उत्तरपत्रिका तपासता तपासता मी म्हटलं होतं, नकोच टाकू. टाकलंस तर चिमूटभर.

गुऱ्हाळ बंद पडलं. दोघी बाया सावरल्या. मामा वाचले, पण चुलवाणाच्या धगीपाशी त्यांना पुन्हा उभं राहता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तिसऱ्या दिवशी श्वासाची नळी काढल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"बाई, तुमी हे पोरांना शिकवता?"

"शिकवते."

"मग आमाला कावून न्हाई सांगितलं?"

मी सांगू लागले. तो क्षार कसा घडतो, कशाला वापरतात, पाणी लागलं की का पेटतो. तुटक श्वासांमधून ते नीट ऐकत होते, पाकाकडे बघत तितक्याच एकाग्रतेनं. मग म्हणाले, "आन् ज्येनी खाल्लं, त्येंचं?"

त्या हंगामाच्या ढेपा केव्हाच गावोगाव गेल्या होत्या. कुणा बाळंतिणीच्या लाडवांत, कुणाच्या पुरणात. मामा माझ्याकडे बघत, उत्तराची वाट पाहत राहिले.