गाय नसलेल्या गावातला गोग्रास

पुणं सोडलं त्या सकाळी मी रिक्षातून असा हात हलवत होतो, की बघणाऱ्याला मिरवणूकच वाटावी. शेजारी गॅलरीत, आई फाटकात, डोळ्यांना पदर. कोपऱ्यावर आठवलं, पासपोर्ट फ्रिजवर राहिला. परत आलो. आईने तो माझ्या हातात कोंबला. "आता पुन्हा रडणार नाही हं मी! नीघ."

मागे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, तेव्हा माझ्या मालकीची माती कुंडीपुरती होती. इथे जर्मनीत झिंडेलफिंगेनला भाड्याच्या घरामागे हिरवळ मिळाली आणि मी मनातल्या मनात जमीनदार झालो. या वसंतात रानसशांनी माझी जमीनदारी खालसा केली. हिरवळीत बिळं, बिळांवर ढिगारे. बसायच्या फरश्यासुद्धा खचल्या.

घरमालकीणबाईंनी पाहणी केली. "आल्झो," म्हणजे 'तर मग', "तुम्ही त्यांना खायला घालता?"

"छे! कधीच नाही!" मी छातीवर हात ठेवून म्हणालो.

"ऑक्टोबरमध्ये करार संपतोय. तोवर अंगण पूर्वीसारखं झालं नाही, तर वाढवणार नाही."

लेकीची शाळा गल्लीच्या टोकाला. आणि इथे दुसरं घर मिळवायचं म्हणजे वय उलटलेल्या मुलाने पत्रिका घेऊन दारोदार फिरायचं! मी युद्ध पुकारलं. लसूण ठेचून टाकला, सलूनमधून केस आणून पसरले, मिरचीपूड फवारली. शिंकलो मीच. ससे मात्र चांगलेच बाळसं धरत होते.

एका सकाळी चहा घेऊन बाहेर आलो, तर उन्हाळ्यापुरती आलेली आई बिळाच्या तोंडाशी उकिडवी. हातात पोळी, वर कोथिंबिरीच्या काड्या.

"आई, हे काय?"

"गोग्रास. पहिली पोळी गाईची. इथे गाय कुठून आणू? हे गवत खातात ना, मग चालतं."

"अगं, यांच्यापायी आपलं घर जाईल!"

"घर जाईल म्हणून दारातल्याला उपाशी ठेवू? तुझ्या बाबांनी असं शिकवलं तुला?"

पायरीवरून लेक ओरडली, "नोख आइन, आजी!" अजून एक. मराठी सगळं कळतं तिला. फितुरी मात्र जर्मनमधून करते.

शेवटी परवानाधारक शिकारी बोलावला. तो गुडघ्यांवर बसला, बिळात डोकावला, उठला. "आत पिल्लं आहेत. ती मोठी होईपर्यंत त्यांच्या आईबापांना हात लावता येत नाही. कायदा."

"किती दिवस?"

"पहिली मोठी होतात तोवर दुसरी येतात," तो प्रेमाने म्हणाला.

मालकीणबाईंना फोन केला. "गेनाऊ, अगदी बरोबर, कायदा तसाच आहे," त्या म्हणाल्या. "पण करारही तसाच आहे."

हे आईला सांगितलं. ती उठलीच. "बाळंतीण आहे होय! आणि मी कोरडी पोळी घालतेय!"

घर म्हणजे आता कुठलं, असं तुम्ही फोनवर विचारता. आईचा व्हिसा संपत आलाय, आमचा करार संपत आलाय. या पत्त्यावर राहण्याची हमी आहे ती फक्त सशांना. आम्ही सध्या त्यांच्याकडे उतरलो आहोत.