रियाधच्या पापड्यांची राखण

मी सिंगापूरमध्ये बसून रियाधमधल्या साबुदाण्याच्या पापड्या राखत असे. हसू नका, पूर्ण वेळचं काम होतं ते!

नितीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कंपनीनं वर्षभरासाठी रियाधला पाठवलं होतं. इकडे सिंगापुरात जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये मी एकटी. सुरुवातीला आम्ही फोनवर तासन्‌तास बोललो. मग विषय संपले. "जेवलास?" "जेवलो. तू?" "जेवले." यापुढे गाडी सरकेना! फोन ठेवला की घर खायला उठायचं. मी फ्रिजशी बोलायला लागले होते (तो निदान घुरघुरून उत्तर तरी द्यायचा).

अशात मला पापड्या सुचल्या. सिंगापुरात वाळवण घालणं म्हणजे बुरशीची शेती, रोज संध्याकाळी ढग हजर! नितीनकडे मात्र भर उन्हाळा आणि रिकामी बाल्कनी. शनिवारी दोघांना सुट्टी. मी व्हिडिओ कॉलवर सांगायची, तो साबुदाणा शिजवायचा. रविवारी पहाटे प्लास्टिकवर पळीपळीनं पापड्या घालून तो ऑफिसला जायचा. तिकडे रविवारी ऑफिस असतं, मला मात्र सुट्टीच.

"कबुतरं येतील रे. वाळवणाला राखण हवी!"

"मग काय रजा टाकू?"

"जुन्या फोनवर व्हिडिओ कॉल लाव आणि तो बाल्कनीच्या दारात स्टुलावर ठेवून जा. मी आहे ना!"

कबूतर दिसलं की मी टॅबवरून "हुश्श! हुश्श!" ओरडायची आणि रियाधमधलं कबूतर खरंच उडायचं! तीन-चार आठवड्यांनी नितीन म्हणाला, "अगं, बास झाल्या ना?" मी म्हटलं, "अजून किलोभर होऊ देत." खरं सांगते, मला पापड्या नकोच होत्या. पापड्या संपल्या की तो फोन बंद होईल, एवढीच धास्ती होती.

एका रविवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. गडगडाट झाला. सिंगापूरची बाई गडगडाट ऐकून विचार करत नाही, धावते! मी खिडकीबाहेरचे, कपडे वाळत घातलेले बांबू भराभर आत ओढले. ओल्या चादरी डायनिंग टेबलावर, जीन्स गॅसच्या कट्ट्यावर. शेजारच्या चिनी आंटी त्यांच्या खिडकीतून बघत होत्या.

"व्हाय यू टेक इन? नो रेन, लाह!"

"आंटी, थंडर! क्विक, क्विक!"

बिचाऱ्यांनी माझ्या भरवशावर आपलेही बांबू आत घेतले. मग आम्ही दोघींनी वर पाहिलं. लख्ख ऊन! पुन्हा गडगडलं. या खेपेला कळलं, आवाज हॉलमधून येतोय.

टॅबवर पाहते तो काय, रियाधमध्ये धो धो पाऊस! भर उन्हाळ्यात, वाळवंटात! पापड्या पोहत होत्या. मी "हुश्श! हुश्श!" करून पाहिलं, पण पाऊस काही उडेना. नितीनला ऑफिसात फोन लावला.

"नितीन, पाऊस!"

"मग कपडे काढ ना आत."

"अरे, तुझ्याकडे पडतोय!"

"माझ्याकडे कसा पडेल? मी रियाधमध्ये आहे."

"खिडकीतून बघ!"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "अगं आई गं!"

तो ऑफिस टाकून घरी धावला. तोवर पाऊस थांबून ऊन पडलं होतं आणि बाल्कनीभर उपासाची खीर झाली होती. त्यानं ती खरवडून काढली, फरशी धुतली आणि स्टुलापाशी आला.

"ठेवू का फोन? आता राखायला काही उरलं नाही."

माझ्या तोंडातून निघालं, "फरशी ओली आहे ना अजून? ती वाळेपर्यंत राहू दे."

तो स्टुलाशेजारी खालीच बसला. मी इकडे ओल्या चादरींच्या ढिगाऱ्यात. दोघंही फरशी बघत बसलो. मेली वाळवंटातली फरशी ती, बघता बघता खडखडीत वाळली!

नितीन उठून आत गेला, भरलेली बादली घेऊन आला आणि फरशीवर उपडी केली.

आणि मी शहाणी ओरडले, "अरे, पाणी काय वाया घालवतोस? वाळवंट आहे ते!"